घरच्या माणसाचा रिपोर्ट

“तुला त्याची आई म्हणायला माझी जीभ रेटत नाही,” असं म्हणून दादाने पुढ्यातलं ताट सारलं आणि तो भरल्या ताटावरून उठला… वहिनीने कलंडलेली वाटी सरळ केली, सांडलेलं पुसलं आणि मांडीवरच्या बाळाचा डावा हात, जो घसरून खाली लोंबत होता, तो उचलून पुन्हा त्याच्या पोटावर ठेवला. आणि समोर बसलेली आत्या? ती ताटात बघत होती. घास हातातच राहिला होता तिच्या! खरं काय ते ठाऊक असलेली दोनच माणसं त्या घरात होती. त्यातलं एक बोलणी खात होतं आणि दुसरं मूग गिळून बसलं होतं.

आत्या म्हणजे त्या बाळाची आत्या, दादाची धाकटी बहीण. वडील गेले तेव्हा दादा शाळेत होता. पुस्तकं माळ्यावर टाकून तो वडिलांच्या लोखंड कातायच्या लेथवर उभा राहिला तो आजतागायत उभाच आहे. बहिणीला मात्र त्याने शिकवलं, आणि असं शिकवलं की ती सोनोग्राफीची डॉक्टर झाली. घरामागच्या शेडमध्ये त्याचं लेथ, रस्त्याकडच्या खोलीत तिचं क्लिनिक. क्लिनिकच्या दाराची कडी, तपासणीचं टेबल, पडद्याचा दांडा, सगळं दादाच्या हातचं. शेडवर गिऱ्हाईक आलं की लोखंडाचं बोलणं राहायचं बाजूला आणि हा पठ्ठ्या बहिणीचं कौतुक सुरू करायचा. “माझ्या आयुष्यात एकच काम अचूक मापात उतरलं,” म्हणायचा, “ते पुढच्या खोलीत बसलंय, जाऊन बघा.” गिऱ्हाईक बिचारं हो हो म्हणून आपला नट-बोल्ट घेऊन जायचं.

बाळ झालं ते लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, सगळ्यांनी आशा सोडल्यावर. चांगलं वजनदार होतं, म्हणून दादाने पहिल्याच दिवशी त्याला ‘पैलवान’ म्हणायला सुरुवात केली. पण तेच वजन आडवं आलं होतं. डोकं बाहेर आलं आणि खांदा आईच्या हाडामागे अडकला… पोराचा जीव जायची वेळ! डॉक्टरांनी शर्थ करून त्याला ओढून काढलं, वाचवलं. मात्र मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांना त्या ओढाताणीत हिसका बसला. पैलवान जगात आला तो डावा हात लुळा घेऊनच. बोटं हलायची, मूठ मिटायची, पण कोपर वाकेना आणि खांदा उचलेना. बहुतेक बाळांचं आपोआप सुधारतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. तरी तीन महिन्यांचा झाला की नसांच्या सर्जनला दाखवा, एमआरआय लागेल का ते तेच ठरवतील, असंही सांगितलं.

पण घरात डॉक्टर असताना तीन महिने कोण थांबणार? पैलवान जेमतेम बाळसं धरत होता तेव्हाच एका दुपारी आत्याने त्याला आपल्या टेबलावर घेतलं, कोमट केलेली जेली मानेला लावली आणि मशीनचा प्रोब हलकेच टेकवला. गळ्याच्या हाडाच्या वर, दोन स्नायूंच्या मधे, नसांचा जुडगा तिला दिसला… अखंड! कुठे तुटलेला नाही, कुठे गाठ नाही. तिला आभाळ ठेंगणं झालं. उशाशी वहिनी उभी होती, बाळंतपणापासून धड झोप नाही, डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे. ठीक आहे ना, इतकंच तिने विचारलं. आणि आत्या म्हणाली, ठीक आहे, नस शाबूत आहे.

खोटं नव्हतं ते. पण अर्धं होतं! नसांची मुळं मणक्यातून निघतात, ती हाडाच्या आड असतात, आणि सोनोग्राफीला हाडापलीकडचं दिसत नाही. मूळच उपटलं गेलं असलं तरी बाहेरचा जुडगा दिसायला शाबूत दिसू शकतो. हे काय तिला ठाऊक नव्हतं? परक्याच्या बाळाचा रिपोर्ट करताना शेवटच्या ओळीत ती न चुकता लिहायची की मुळं या तपासणीत दिसत नाहीत, एमआरआय करून घ्यावा. पण घरच्या माणसाचा रिपोर्ट कोण टाइप करत बसतं? पोर उचललं, जेली पुसली, गालाचा पापा घेतला, झाली तपासणी! रिपोर्ट झाला नाही, त्यामुळे ती शेवटची ओळही कुणाच्या कानावर गेली नाही.

तीन महिने भरत आले तेव्हा वहिनीने विचारलं होतं, सर्जनकडे जायचं ना? दादाने आधीच अंग काढून घेतलं होतं. मला त्यातलं काय कळतंय, तुम्ही दोघी ठरवा, म्हणाला होता. आत्या म्हणाली, “गरज नाही गं. एमआरआय म्हणजे एवढ्याशा जिवाला भूल देतील. मी बघितलंय ना?” त्या ‘मी’मध्ये माया किती होती आणि मिजास किती होती, हे तिला आज वेगळं करून सांगता आलं नसतं. पुढे दिवस जात राहिले, पैलवान पालथा पडायला बघू लागला, उजव्या हाताने खुळखुळा ओढू लागला, डावा मात्र तसाच. आत्या रोज तो हात उचलून बघू लागली. आपलं चुकलं असेल का? आज सांगू, उद्या सांगू… आणि जितकं लांबलं तितकं सांगणं जड होत गेलं. शेवटी न राहवून तीच एकदा म्हणाली, सहज दाखवून येऊ. सहज म्हणे! तोवर पोराला सहावा महिना लागला होता.

सर्जनने हात उचलून पाहिला, खेळणं दाखवून पाहिलं आणि इतके दिवस कुठे होतात असं विचारलं. दादाने मोठ्या अभिमानाने सांगितलं की सोनोग्राफी झालेली आहे, नस शाबूत आहे. सर्जन म्हणाले, सोनोग्राफीत मुळं दिसत नाहीत, ज्याने केली त्याने हे सांगितलं नाही का? ऑपरेशन अजूनही करता येईल, पण नस तुटली की स्नायू कायमची वाट बघत नाही, वाळत जातो. आता एक आठवडासुद्धा घालवू नका, आधी एमआरआय. दादाची मान हळूहळू बहिणीकडे वळू लागली… आणि ती पुरती वळायच्या आत वहिनी बोलली.

“सांगितलं होतं त्यांनी. जा म्हणून मागे लागल्या होत्या माझ्या. मीच भुलीला घाबरले, आणि तुम्हाला कळू दिलं नाही.”

आत्याने तोंड उघडलं. उघडलं, आणि मिटलं! पायाखालची जमीन सरकत असताना कुणीतरी हात दिला होता, आणि तो हात कुणाचा, कशासाठी, याचा विचार न करता तिने तो धरला. घरी येईपर्यंत गाडीत दादा वहिनीशी एक शब्द बोलला नाही. बोलला तो जेवताना, आणि काय बोलला ते वर आलंच आहे.

दादा शेडकडे गेल्यावर आत्या स्वयंपाकघरात आली. वहिनी भांडी घासत होती. का केलंस असं, एवढंच आत्याच्या तोंडून फुटलं, पुढे हुंदका. वहिनीने नळ बंद केला नाही, की मागे वळून पाहिलं नाही.

“माझ्यावर चिडले तर महिन्याने बोलतील,” ती म्हणाली. “नवरा-बायकोचं तसंच असतं. पण तुमच्यावरून मन उडालं तर त्या माणसाकडे उरेल काय? उभा जन्म तुमच्यावर लावलाय त्यांनी.” मग भांड्यावरचा हात न थांबवता ती म्हणाली, “आणि वन्सं, मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. हे मी त्यांच्यासाठी केलंय. तुमच्यासाठी नाही.”

एवढा वेळ डोळ्यांतून वाहणारं पाणी त्या वाक्यासरशी थिजलं. काही मागायला जावं आणि दार तोंडावर लागावं तशी आत्या उभी राहिली. आत्ताच्या आत्ता दादाला सांगते, असं ती पुटपुटली तेव्हा वहिनीने तिला अडवलं. आधी पोराचं होऊ दे, घरात आगडोंब नको, म्हणाली. आणि आत्याला, देवा रे, सुटल्यासारखं वाटलं! त्या सुटकेचीच तिला एवढी लाज वाटली की पुढचे दिवस क्लिनिकमधल्या आरशाकडे बघणं तिने टाळलं. परक्या बायकांच्या पोटावर प्रोब फिरवताना, मशीनच्या पडद्यावर कुणाची तरी इवलीशी मूठ उघडताना-मिटताना दिसायची, आणि प्रोब तिथेच थांबायचा. इकडे दादा वहिनीला टोचून बोलायची एक संधी सोडत नव्हता. पोराला दूध पाजलंस का, की त्यालाही घाबरलीस? असलं काहीतरी! वहिनी ऐकून घ्यायची. आत्या तिथेच असायची, आणि तीही ऐकून घ्यायची.

एमआरआयच्या मशीनवर काम करणाऱ्या बाईंनी फोनवर बजावलं होतं की पोराला भूल द्यायची नाही. येताना झोपू द्यायचं नाही, दूध द्यायचं नाही. इथे आल्यावर पोटभर पाजायचं, दुपट्यात घट्ट गुंडाळायचं, गाढ झोपलं की मशीनमध्ये ठेवायचं. थोडं मोठं झालंय, पण करून बघू, म्हणाल्या. तान्ह्या बाळांचं तर हे अगदी सोपं असतं. आत्याने हे ऐकलं आणि फोन ठेवला. म्हणजे ज्या भुलीचा बाऊ करून आपण लेकराला थांबवलं, ती लागणारच नव्हती बहुतेक! आणि हे आपण एक फोन करून विचारलंही नाही… कारण विचारायची सवयच नव्हती, आपल्याला सगळेजण विचारतात ना!

जाताना गाडीत पोराला जागं ठेवायचं काम दादाकडे होतं. बहिणीचं कौतुक सोडलं तर चार शब्द मोजून बोलणारा तो माणूस शेळीसारखा ओरडला, कावळ्यासारखा ओरडला, शेवटी तोंडाने लेथचा आवाज काढू लागला तेव्हा घात झाला, कारण पैलवान जन्मापासून लेथच्याच आवाजात झोपत आलेला. लागला की डोळे मिटायला! “अहो, तो आवाज सोडून काहीही काढा,” वहिनी न राहवून म्हणाली. एरवी यावर तिघंही हसली असती. दादा तिच्याकडे न बघता पुन्हा शेळी झाला.

मशीनच्या बाहेरच्या छोट्या खोलीत पैलवान भुकेने आकांत करत होता. अंगावरचं धातूचं सगळं काढून ठेवायला सांगून बाई म्हणाल्या, एकजण त्याच्याजवळ आत बसेल, आई बसेल ना? वहिनी हात पुढे करून उभी राहिली आणि दादा मधे आला.

“ती नको. तिची हिंमत आम्ही बघितलीय. पाजून झालं की माझी बहीण बसेल आत. पोराची खरी काळजी तिनेच केलीय.”

वहिनीचे पुढे केलेले हात तसेच राहिले. परक्या बाईसमोर, स्वतःच्या रडत्या लेकरासमोर… आत्याने तो चेहरा पाहिला, आणि तिच्या आत जे इतके दिवस दाबून ठेवलेलं होतं ते उसळून वर आलं.

“दादा, बास कर,” ती म्हणाली. “वहिनी खोटं बोलली. मला वाचवायला बोलली. मी तिला मुळांचं काही सांगितलं नव्हतं. सर्जनकडे जायचं का म्हणून तिने विचारलं होतं, तर गरज नाही असं मीच म्हटलं. तिने तुझ्यासाठी स्वतःवर घेतलं आणि मी घेऊ दिलं. ऐकतोयस ना? मी घेऊ दिलं.”

दादा बघतच राहिला. बाईंनी तेवढ्यात पोराला उचलून वहिनीच्या हातात दिलं. तुमचं घरचं नंतर बघा, आत्ता बाळ झोपायला पाहिजे, आणि आई रडली तर ते झोपायचं नाही, असं स्पष्ट सांगून त्यांनी दोघा भावंडांना दाराबाहेर काढलं. दार लागताना आत्याला दिसलं ते इतकंच, की वहिनी भिंतीकडे तोंड करून बसली आहे, डोळे घट्ट मिटून, दात ओठांवर रोवून, आणि पैलवान आधाशासारखा दूध पितो आहे.

बाहेर लाकडी बाक होता. दादा एका टोकाला, आत्या दुसऱ्या टोकाला. बऱ्याच वेळाने आतून मशीनची ठकठक सुरू झाली, कधी ठोकल्यासारखी, कधी घासल्यासारखी, आणि मधेच थांबली की आत्या दाराकडे कान लावायची. पण रडणं ऐकू आलं नाही. एवढ्या आवाजात हे पोर झोपतं कसं, याचं बाईंना नंतर आश्चर्य वाटलं म्हणे. शेडमध्ये वाढलेलं पोर, त्याला कसलं काय!

दादा रागावला असता, हात उगारला असता, तरी आत्याने ते प्रसादासारखं घेतलं असतं. तो जमिनीकडे बघत होता. काळं तेल कायमचं मुरलेल्या त्याच्या बोटांची नखं एकमेकांवर घासत होती.

“तू चुकलीस ते समजू शकतो,” तो म्हणाला. “माझ्याही हातून माप चुकतं. पण मी तिला रोज बोलत होतो, आणि तू शेजारी बसून ऐकत होतीस. ते का गं?”

आत्याकडे उत्तर होतं. तुझ्या नजरेतून उतरायची भीती वाटली, हे उत्तर होतं. पण ते उच्चारण्याच्या लायकीचं तिला वाटलं नाही. दादाने दोन्ही तळव्यांत तोंड झाकून घेतलं. काय काय बोललो मी तिला, काय काय बोललो, असं तो स्वतःशीच म्हणत राहिला, आणि आत्याला कळलं की आपल्या एका गप्प बसण्याने या सरळ माणसालाही आपण अपराधी करून ठेवलंय.

मशीन थांबलं. फोटो पाहणारे तिथले डॉक्टर आत्याच्या ओळखीचे. त्यांनी तिला आत बोलावलं, पडद्यावर एकेक चित्र सरकवून दाखवलं, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती बाहेर आली तेव्हा वहिनी बाकावर येऊन बसली होती. गुंडाळलेला पैलवान तिच्या खांद्यावर अजून झोपलेला. दादा तिच्यासमोर उभा होता, तिची पिशवी छातीशी धरून, चूक झालेल्या शाळकरी पोरासारखा. मला तुझी… असं काहीतरी त्याने सुरू केलं होतं आणि वहिनीने, घरी गेल्यावर बोला, आत्ता तो उठेल, असं म्हणून ते थांबवलं होतं. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

आतले डॉक्टर पाठोपाठ आले. मी समजावून सांगतो, म्हणाले. वहिनीने मान हलवली.

“नको. वन्सं सांगतील.” मग आत्याकडे बघून, “सगळं सांगा. अर्धं नको.”

आत्या तिच्यासमोर जमिनीवरच बसली. आणि तिने सगळं सांगितलं. मणक्यातून निघणाऱ्या दोन मुळांच्या जागा रिकाम्या आहेत, तिथे पाण्याची लहानशी पिशवी भरलेली दिसते. ती मुळं उपटली गेलीत, आपोआप जोडली जाणार नाहीत. खालची मुळं चांगली आहेत, म्हणून मूठ मिटते. चालू नसेतला एखादा धागा उसना घेऊन सर्जन कोपराच्या स्नायूला जोडतील. कोपर वाकेल अशी बरीच आशा आहे. वहिनी डोळ्यांची पापणी न हलवता ऐकत होती. आणि खांदा, तिने विचारलं.

“खांदा थोडा उचलेल,” आत्या म्हणाली. “पूर्ण वर जाईल असं मी म्हणणार नाही. बहुतेक नाही जाणार. उशीर झालाय, वहिनी, आणि तो माझ्यामुळे झालाय. मी तेव्हाच तुम्हाला पाठवलं असतं तर…”

“आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं,” वहिनी म्हणाली. “पुढचं सांगा. ऑपरेशन कधी?”

लवकरात लवकर, आत्या म्हणाली. सर्जनला आत्ता इथूनच फोन करते. वहिनीने मान डोलावली. मग तिने झोपलेल्या पैलवानाला अलगद खांद्यावरून उतरवलं, त्याचा डावा हात दुपट्यात नीट आहे ना ते चाचपून पाहिलं, आणि वाकून त्याला आत्याच्या मांडीवर ठेवलं.

“धरा याला जरा,” ती म्हणाली. “मला रडायचंय.”

आणि ती रडली… दादाच्या कुशीत शिरून, पदराचा बोळा तोंडात कोंबून, इतक्या दिवसांचं सगळं! दादाही रडत होता. आत्याचेही डोळे भरून आले होते, हुंदका अगदी गळ्यापर्यंत आला होता. पण मांडीवर लेकरू होतं, ते हललं असतं तर जागं झालं असतं. म्हणून तिने तो हुंदका गिळला, पाठ ताठ केली आणि दोन्ही हातांनी त्याला धरून ती तशीच बसून राहिली.